टपाल तिकिटांवरच्या गाळ उपसणाऱ्या बोटी: सुएझपासून सिद्धेश्वरपर्यंत

(शिरड शहापूर इथे दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय कळल्यावर एका ज्येष्ठ श्रोत्यांनी आम्हाला दारातच गाठलं. म्हणाले, "तिकिटं समजली, बोटीही समजल्या. पण शिरडमध्ये बोट कुठून आणणार?" प्रश्न रास्त आहे. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. पण पाणी लांब नाही. सिद्धेश्वर धरण आपल्याच औंढा तालुक्यात आहे आणि त्याच्या कालव्यावर वसमतकडची हळद आणि ऊस उभा राहतो. जिथे पाणी अडतं तिथे गाळ बसतो. तेव्हा बोट नसली तरी बोटीचं काम आपल्याकडे आहे.

आम्ही तिकिटं जमवणारी माणसं. वहीत तिकिटं लावता लावता एक गोष्ट आमच्या लक्षात आली. धरणांची तिकिटं पुष्कळ आहेत. जहाजांची तर मोजता येणार नाहीत इतकी आहेत. पण धरण किंवा कालवा ज्यामुळे चालू राहतो, ते गाळ काढणारं यंत्र तिकिटावर क्वचितच दिसतं. असं का होतं? आणि ज्या थोड्या देशांनी ते छापलं, त्यांनी का छापलं? आज एवढंच बघायचं आहे.

चार आण्यांचा तलाव

सुरुवात आपल्याच मुलखापासून करू. १९४८ पर्यंत आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, जिल्हा परभणी. हिंगोली जिल्हा झाला तो १९९९ साली. संस्थानाचं टपाल वेगळं होतं आणि तिकिटंही वेगळी. १९३१ साली निजाम सरकारने चित्रांची एक मालिका काढली. एक आण्यावर चारमिनार, आठ आण्यांवर अजिंठा लेण्यांचं प्रवेशद्वार, एक रुपयावर दौलताबादचा विजयस्तंभ. आणि चार आण्यांवर काय होतं? उस्मानसागर तलाव.

१९०८ साली मुसी नदीला महापूर आला आणि हैदराबाद शहराची वाताहत झाली. त्यानंतर पूर अडवायला आणि शहराला पाणी द्यायला हा तलाव बांधला, १९२० साली पुरा झाला. सरकारला त्याचा अभिमान वाटला आणि तो तिकिटावर आला. यात वावगं काहीच नाही. स्वतंत्र भारतानेही तेच केलं. १९५५ च्या पंचवार्षिक योजनेच्या मालिकेत दामोदर खोऱ्यातलं धरण आहे. पुढच्या मालिकेत पाच रुपयांच्या तिकिटावर भाक्रा धरण आहे. ही तिकिटं आपल्याच राज्यात, नाशिकरोडच्या छापखान्यात छापली गेली.

आता गंमत बघा. तिकिटावरचं धरण नेहमी पहिल्या दिवसाचं असतं. भिंत कोरी, पाणी काठोकाठ. त्या पाण्याखाली दर पावसाळ्यात थोडी थोडी माती येऊन बसते, ती चित्रात येत नाही. धरणाचं उद्घाटन एकदाच होतं, गाळ दरवर्षी येतो. आणि दरवर्षी करावं लागणाऱ्या कामाची फीत कोण कापणार?

ड्रेजर म्हणजे काय?

पाण्याखालचा गाळ उपसणाऱ्या बोटीला ड्रेजर म्हणतात. तिचे प्रकार तांत्रिक पुस्तकात अवघड वाटतात, पण आपल्याला ते शेतातून ओळखीचे आहेत.

पहिला प्रकार म्हणजे तरंगतं रहाटगाडगं. विहिरीवर जशी गाडग्यांची माळ फिरते, तशी लोखंडी बादल्यांची माळ. बोटीच्या मधोमध एक लांब फट असते, त्या फटीतून तिरपी शिडी तळापर्यंत सोडतात आणि शिडीवरून बादल्या फिरतात. रहाट पाणी वर आणतो, हा गाळ वर आणतो.

दुसरा प्रकार म्हणजे तरंगतं पोकलेन. एकच हात, एकच मोठी बादली. खणताना बोट मागे ढकलली जाऊ नये म्हणून तिला खाली रोवायचे खांब असतात. खांब रोवून बोट जणू पायांवर उभी राहते आणि मग घाव घालते.

तिसरा प्रकार पंपाचा. टोकाला फिरतं पातं तळ सैल करतं आणि पंप पाणी व गाळ एकत्र ओढून नळीने दूर काठावर फेकतो. आज नद्यांमध्ये आणि कालव्यांमध्ये याचंच राज्य आहे.

तिकिटावरची बोट ड्रेजर आहे की साधी मालवाहू, हे ओळखायची खूणही सांगून ठेवतो. भिंगातून बघा. तिरपी शिडी, उभे खांब, किंवा बोटीपासून काठापर्यंत पाण्यावर तरंगणारी नळी, यातलं एक जरी दिसलं तरी समजा की ही ड्रेजर आहे.

सुएझ: तिकिटावर जहाज, कालव्यात ड्रेजर

१८६८ साली सुएझ कालवा कंपनीने स्वतःची चार तिकिटं काढली. चारही तिकिटांवर एकच चित्र, वाफेवर चालणारं जहाज. पण कालवा उघडला १७ नोव्हेंबर १८६९ ला. म्हणजे तिकिटं निघाली तेव्हा मोठी जहाजं त्या वाटेने जात नव्हती. तिथे खरं काम करत होते ते ड्रेजर.

सुरुवातीला हे खोदकाम इजिप्तच्या शेतकऱ्यांकडून वेठीने करून घेतलं गेलं. फावडी, टोपल्या आणि हजारो माणसं. १८६३-६४ च्या सुमारास वेठ बंद झाली आणि मग कंपनीला वाफेचे ड्रेजर आणावे लागले. तेव्हाच्या बादल्यांच्या माळांनी उरलेल्या खोदाईचा मोठा भाग उपसला. ती वेठीची माणसंही तिकिटावर नाहीत आणि त्यांच्या जागी आलेली यंत्रंही नाहीत. पुढे व्हायचं होतं ते जहाज तेवढं आहे. ही तिकिटं काही आठवड्यांतच बंद पडली, म्हणून आज संग्राहकांत त्यांचा बोलबाला आहे आणि नकलीही भरपूर आहेत.

एका तिकिटाने कालव्याची जागा बदलली

आता तुम्ही म्हणाल, तिकिटावर काय छापलं यानं असा काय फरक पडतो? पडतो. ऐका.

अटलांटिक आणि पॅसिफिक जोडणारा कालवा कुठून काढायचा, यावर अमेरिकेत वाद चालू होता. निकाराग्वातून की पनामातून? निकाराग्वाचं पारडं जड होतं. फिलिप ब्युनो-व्हारिया नावाचा फ्रेंच इंजिनिअर पनामाच्या बाजूने धडपडत होता. निकाराग्वात ज्वालामुखी आहेत, तिथे कालवा धोक्याचा, असं त्याचं म्हणणं. मे १९०२ मध्ये मार्टिनिक बेटावर माँ पेले ज्वालामुखी फुटला आणि सुमारे ३० हजार माणसं गेली. निकाराग्वाकडून सांगितलं जात होतं की आमच्याकडे तशी भीती नाही.

तेव्हा या माणसाला निकाराग्वाचं १९०० सालचं तिकीट आठवलं. त्यावर मोमोतोम्बो ज्वालामुखी होता, डोक्यावर धुराचा झोत घेतलेला. त्याने वॉशिंग्टनमधल्या तिकीट विक्रेत्यांकडून अशी ९० तिकिटं मिळवली आणि अमेरिकेच्या सिनेटमधल्या प्रत्येक सदस्याला एकेक धाडलं. तुमचाच देश तुमच्या तिकिटावर ज्वालामुखी मिरवतो, मग नाही कसं म्हणता? १९ जून १९०२ ला मतदान झालं आणि पनामा ४२ विरुद्ध ३४ मतांनी जिंकला. सगळं तिकिटामुळेच झालं असं आम्ही म्हणणार नाही, इतर कारणंही होती. पण देश स्वतःच्या तिकिटावर जे छापतो ते त्याचा कबुलीजबाब म्हणून वाचलं जातं, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

कास्काडास: चार ट्रॉल्यांची एक बादली

त्याच पनामात आपल्याला हवं ते तिकीट सापडतं. कालवा १५ ऑगस्ट १९१४ ला उघडला. पुढच्याच वर्षी, १९१५ च्या पावसाळ्यात, कुलेब्राच्या खोदाईत दोन्ही बाजूंच्या टेकड्या घसरून पाण्यात आल्या. एवढा गाजावाजा करून उघडलेला कालवा सुमारे सात महिने बंद राहिला. १९१६ च्या एप्रिलमध्ये वाहतूक पुन्हा नीट सुरू झाली.

या काळात जे ड्रेजर तिथे झुंजले त्यात 'कास्काडास' होता. हा दुसऱ्या प्रकारातला, तरंगतं पोकलेन. त्याची बादली १५ घनयार्डांची. आपल्या मापात सांगायचं तर ४०५ घनफूट, म्हणजे चार ब्रास. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास बसतो. तेव्हा या ड्रेजरने एक घास घेतला की चार ट्रॉल्या भरल्या.

१९७६ साली पनामा कालवा क्षेत्राने १३ सेंटचं तिकीट काढलं आणि त्यावर कास्काडास छापला. हे क्षेत्र तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं आणि त्याचं टपाल खातं वेगळं होतं. तीनच वर्षांनी, १९७९ ला, ते खातं कायमचं बंद झालं. म्हणजे शेवटच्या मोजक्या तिकिटांत त्यांनी गाळ काढणाऱ्या बोटीला जागा दिली.

त्याच प्रशासनाचा जुना संच याच्याशेजारी ठेवून बघा. १९३९ साली कालव्याला २५ वर्षं झाली म्हणून त्यांनी १६ तिकिटं काढली. त्यात 'आधी' आणि 'नंतर' अशा जोड्या आहेत. आधी डोंगर, नंतर पाणी. दोन्हींच्या मधलं काम दिसत नाही. पण पनामात ते 'मधलं' कधी संपलंच नाही. टेकड्या घसरत राहिल्या, ड्रेजर आजही लागतात. एक दिवस वाट बंद झाली तर जहाजांचं भाडं त्या दिवशीच बुडतं. गाळाचा हिशेब त्यांना रोज डोळ्यांसमोर दिसतो, म्हणून ड्रेजर हा त्यांचा पराक्रम ठरला.

दुसरं उदाहरण मलायाचं. १९५७ साली, स्वातंत्र्याच्या वर्षी, मलाया संघराज्याने चार तिकिटं काढली. २५ सेंटच्या तिकिटावर कथील काढणारा ड्रेजर आहे. हा रहाटगाडग्याच्या जातीचा. समुद्रापासून दूर, आपल्याच डबक्यात तरंगतो. पुढची जमीन खातो, त्यातलं कथील गाळून घेतो, उरलेली माती मागे टाकतो. त्यामुळे डबकं त्याच्याबरोबर पुढे सरकत जातं. इथेही तेच. गाळातून रोकड निघत होती, म्हणून यंत्र तिकिटावर गेलं.

आपल्या नद्या

आता घरी या. आपली पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगवते, येलदरी आणि सिद्धेश्वर करून गोदावरीला मिळते. कयाधू पैनगंगेला, पैनगंगा वर्धेला, आणि ते पाणी प्राणहितेतून पुन्हा गोदावरीतच. या वाटेने बोटी चालवायचं स्वप्न जुनं आहे. सर आर्थर कॉटन यांनी १८५२ पर्यंत धवळेश्वरमचा बंधारा बांधला. त्यानंतर वऱ्हाडचा कापूस वर्धा-गोदावरीतून थेट समुद्राला न्यायची योजना आली. अडचण होती ती नदीतल्या तीन खडकाळ अडथळ्यांची. कालवे आणि दरवाजे करून ते ओलांडायचं काम काही वर्षं चाललं. पण १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७१ ला हे काम थांबलं.

२०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले. त्या यादीत पैनगंगा-वर्धा आणि मांजराही आहे. पण यादीत नाव येणं वेगळं आणि वाट खोल राहणं वेगळं. गंगेवर अलाहाबाद ते हल्दिया १६२० किलोमीटरचा जलमार्ग १९८६ साली जाहीर झाला. तिथे आजही ड्रेजर फिरवावे लागतात. शिवाय पात्रात बांबूच्या तट्ट्या रोवून प्रवाह एका बाजूला वळवतात, म्हणजे पाणीच आपली वाट खणतं. कोलकाता बंदराचंही तेच. हुगळीच्या गाळाशी लढण्यासाठी फरक्क्याचा बंधारा बांधला, १९७५ ला सुरू केला. कोलकाता बंदराच्या शताब्दीचं तिकीट १९७० साली निघालं. त्यावर मालवाहू जहाज आहे. त्या जहाजाला वाट करून देणारा ड्रेजर नाही. आमच्या वहीत भारताचं ड्रेजरचं तिकीट अजून लागलेलं नाही, ते पान आम्ही मोकळं ठेवलं आहे.

सिद्धेश्वरचा हिशेब

हे सगळं इथे येऊन का सांगायचं? कारण आकडे आपल्याला रोज पेपरात दिसतात आणि आपण ते अर्धेच वाचतो.

सिद्धेश्वरचा एकूण साठा साधारण २५१ दलघमी. त्यातला जिवंत साठा, म्हणजे कालव्यात सोडता येतं ते पाणी, फक्त ८१ दलघमीच्या आसपास. बाकी सुमारे १७० दलघमी मृत साठा. तो कालव्याच्या तोंडापेक्षा खाली आहे, धरणात असला तरी आपोआप कालव्यात येत नाही. म्हणजे तीन हिश्शांतला जेमतेम एक हिस्सा शेताचा.

आता गाळ कुठे बसतो बघा. नदी धरणात शिरते तिथे तिचा वेग मोडतो. जाड रेती आणि खडे तिथेच पडतात. बारीक माती पुढे भिंतीपर्यंत जाते आणि तळाला बसते. तळाचा गाळ मृत साठा खातो. वरच्या अंगाला आणि काठाला बसलेला गाळ जिवंत साठा खातो, म्हणजे आपल्या पाळीचं पाणी खातो. येलदरी वर असल्यामुळे पूर्णेचा बराच गाळ तिथे अडतो, हे सिद्धेश्वरचं भाग्य. पण दोन धरणांच्या मधल्या शिवारातून आणि ओढ्यांतून येणारी माती थेट इथेच येते. ती माती तुमच्या-आमच्या बांधावरची आहे.

आणि काढायचं म्हटलं तर किती? एक दलघमी म्हणजे दहा लाख घनमीटर. त्याचे साडेतीन लाख ब्रास होतात, म्हणजे साडेतीन लाख ट्रॉल्या. उन्हाळ्याचे शंभर दिवस धरले तर रोज साडेतीन हजार खेपा, आणि त्या फक्त एका दलघमीसाठी. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आहे. ती चांगलीच आहे, शेताला कसदार माती मिळते. पण हा हिशेब समोर ठेवला की कळतं, एका उन्हाळ्यात फोटो काढून हे काम संपत नाही. पनामासारखं ते दरवर्षीचं आहे.

म्हणून आमचं मागणं साधं आहे. तिकीट जमवणारा जशी नोंद ठेवतो, तशी गावाने गाळाची वही ठेवावी. तारीख, जागा, त्या दिवशीची पाणीपातळी, किती खेपा, कोणत्या शिवारात टाकल्या. पाच वर्षांची अशी वही घेऊन पाटबंधारे कार्यालयात गेलात, तर बोलणं वेगळं होईल. पनामाला भाडं बुडाल्यावर गाळ दिसला. आपल्याला तो पाळी चुकल्यावर दिसतो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: मग सिद्धेश्वरात ड्रेजरच का आणत नाहीत?

आणता येतो, पण जलमार्गाने नाही. सुटे भाग करून ट्रकवर आणायचा आणि काठावर जोडायचा. खरी अडचण पुढे आहे. पंपाचा ड्रेजर गाळ कमी आणि पाणी जास्त बाहेर टाकतो. तो रबडा निवळायला काठावर मोठी खाचरं लागतात, ती जागा कुणाची? शिवाय उन्हाळ्यात काठ उघडा पडतो, तिथे पोकलेन स्वस्तात काम करतं आणि माती कोरडी मिळते. जिवंत साठ्यातला गाळ बऱ्याच अंशी तिथेच असतो. पाणी कधीच आटत नाही अशा खोल जागी मात्र पोकलेन जाऊ शकत नाही, तिथे ड्रेजरला पर्याय नाही.

प्रश्न: गाळाबरोबर वाळूही निघते. ती नेली तर खर्च निघणार नाही का?

योजनेत गाळ नेता येतो, वाळू नेता येत नाही. आणि ते बरं आहे. वाळूच्या मागे लागलं की जिथे वाळू तिथेच खोदलं जातं, जिथे गाळ काढायला हवा तिथे नाही. मलायाचा ड्रेजर आठवा. तो कथील असेल तिकडे जायचा.

प्रश्न (एका विद्यार्थिनीचा): आपल्या गावाच्या गाळाच्या ट्रॅक्टरचं तिकीट निघू शकतं का?

सरकारी तिकीट सहज निघत नाही, त्याला प्रस्ताव द्यावा लागतो. पण टपाल खात्याची 'माय स्टॅम्प' नावाची सोय आहे. पैसे भरून तिकिटाशेजारी आपला फोटो छापून घेता येतो. बहुतेक लोक वाढदिवसाचा किंवा लग्नाचा फोटो देतात. तू उन्हाळ्यात धरणावर जा, ट्रॉली भरताना फोटो काढ, मागे पाणीपातळीची पट्टी दिसू दे. आणि तारीख वहीत लिहायला विसरू नको. आमच्या वहीतलं ते मोकळं पान आम्ही तुझ्यासाठी राखून ठेवतो.